ॲबरडीनचा मफलर, निफाडचा गळा

ती. आई आणि ती. नाना यांस,


नाना पेपर सोडून दुसरं काही वाचत नाहीत, म्हणून या खेपेचं पत्र पेपरच्याच भाषेत. धाकट्या सूनबाई कुकर लावून लिहायला बसल्या आहेत. शिट्टीमुळे मजकुरात खंड पडल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ॲबरडीन, आमच्या वार्ताहराकडून : रविवारी निफाडहून आलेल्या फोनने इथल्या घरात खळबळ उडाली. टीव्हीवर स्कॉटलंडचं वादळ पाहून आईंनी "पोरं गारठली असतील गं, शेकायला काही आहे का घरात?" अशी विचारणा केली. त्याच वेळी मागे नाना खोकत होते आणि थोरल्या काकू "शेकोटी बागेत लावलीय, ओसरीवर नाही!" असं कुणाला तरी बजावत होत्या. वस्तुस्थिती अशी की समुद्राच्या कृपेने ॲबरडीनचा पारा हिवाळ्यातल्या बहुतेक रात्री शून्याच्या आसपासच घुटमळतो, आणि घरात रेडिएटर असल्यामुळे चिरंजीव गंजिफ्राकावर हिंडतात. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षांसाठी शेकोट्या पेटतात; माणसांसाठी सोलापुरी चादर आणि दाराच्या फटीतून येणारा वारा. गारठलंय कोण, याचा निकाल लागला असून सूनबाईंनी समस्त घराण्यासाठी मफलर विणायला घेतले आहेत.

वेळेची टंचाई नाही. डिसेंबरात इथे पावणेनऊला उजाडतं आणि साडेतीनला दिवेलागण होते.

नानांचा मफलर दोन सुलट, दोन उलट असा आहे. दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे तो उलटा गुंडाळला म्हणून आईंना ओरडता येणार नाही. आईंसाठी मफलर नसून काऊल, म्हणजे बिनटोकाचा गोल मफलर. गोल सुईवर विणायचा, टाके जोडले की फेऱ्यामागून फेरे नुसते सुलट. लोंबतं टोकच नसल्याने ते फोडणीत जाण्याची भीती नाही. फक्त पहिला फेरा जोडताना टाक्यांना पीळ बसू द्यायचा नाही. बसला तर तो शेवटपर्यंत जात नाही, सगळं उसवावं लागतं.

"मला लोकर टोचते" ही नानांची जुनी तक्रार शास्त्रीय असल्याचं आढळून आलं आहे. धागा साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड झाला की त्याचं टोक कातडीला टोचतं. मेरिनो वीसेक मायक्रॉनची. तेव्हा नानांना मेरिनो. बंडूदादाला शेटलंडची, त्याची कातडी जाड आहे.

शेटलंडची बेटं इथून रात्रभराच्या बोटीवर. संध्याकाळी ॲबरडीनहून निघालेली बोट सकाळी साडेसातला लर्विकला लागते. तिथे 2010 पासून शरदात सप्ताह बसतो, हरिनामाचा नव्हे, लोकरीचा. तिथल्या बायका कमरेला घोड्याचे केस भरलेला चामड्याचा पट्टा बांधतात. त्याला भोकंच भोकं. सुईचं एक टोक त्यात खोचलं की उजवा हात मोकळा. पूर्वी पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता त्या विणायच्या. व्यापारी विणकामाचा मोबदला रोख देत नसे. चहा द्यायचा, कापड द्यायचा. सरकारी चौकशी झाली, 1872 मध्ये अहवाल निघाला. यावर नाना काय म्हणतील ते ठाऊक आहे: आमचा द्राक्षाचा व्यापारी चहासुद्धा न पाजता पळून जातो.

(शिट्टी.)

बाजारभाव : हाताने रंगवलेल्या लोकरीची 100 ग्रॅमची लडी 18 ते 20 पौंड. नानांच्या मफलरला दोन लागतात. म्हणजे चार हजार रुपयांच्या पुढे, आणि अजून मजुरी धरलेली नाही. हा आकडा नानांनी द्राक्षाच्या किलोत बदलू नये, खोकला वाढेल.

त्यातही इथल्या सरकारचा न्याय पाहावा. मुलांच्या तयार कपड्यांवर मूल्यवर्धित कर शून्य. पण नातवाचं स्वेटर घरी विणायचं म्हणून लोकर आणली, तर त्या लोकरीवर 20 टक्के. आयतं घेणाऱ्याला माफी, हात चालवणाऱ्याला दंड! नानांनी यावर 'वाचकांचा पत्रव्यवहार' गाजवावा.

आपलं सरकारही मागे नाही. डिसेंबर 2019 पासून टपालाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून शुल्कमाफ वस्तू भारतात आणायला मनाई आहे. अपवाद दोनच : जीवरक्षक औषधं आणि राखी. बाकी भेटींवर पूर्ण शुल्क भरा. चिरंजीवांनी तत्काळ सुचवलं, मफलर राखी म्हणून पाठवू. आत्यांनी नानांच्या मनगटाला सहा फुटी राखी बांधली तर कायद्याच्या कुठल्या कलमात बसत नाही? सूनबाईंचा पर्याय जास्त सरळ होता : नानांचा खोकला पाहता मफलर हे औषधच. पोस्टाच्या काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही मुद्दे शांतपणे ऐकले आणि सीएन 22 हा सीमाशुल्काचा फॉर्म पुढे सरकवला. त्यात वस्तूची किंमत लिहायची जागा एवढीशी. फॉर्म कोराच घरी आला.

आईंनी विचारलं आहे, शनिवारी सकाळी फोन लावून तुम्ही बोलत का नाही. बोलायचं काही नसतं. तिकडे दुपारचे दोन वाजलेले असतात, आई गहू निवडत असतात, सुपाचा आवाज येतो, विहिरीवरची मोटर सुरू होते, कुणीतरी नानांना हाक मारतं. इकडे काळोखात सूनबाई विणत बसतात. मग तिकडची लाइट जाते, फोन तुटतो, आणि इथे एकाएकी इतकं शांत होतं की टाके मोजता मोजता आकडा विसरतो. पुन्हा पहिल्यापासून.

असो. घरच्या बातम्यांवर संपादकीय मत : पमीने पुण्याच्या मुलाला नकार दिला ते उत्तम केलं, जो मुलगा पहिल्या भेटीत सातबारा विचारतो तो दुसऱ्या भेटीत मोजणी मागेल. नाशिकच्या स्थळाशी तिचं ठरलं, त्याचा इथे शिरा झाला. बंडूदादाने ट्रॅक्टर घेतला, पण नाव 'लक्ष्मी' ठेवताना वहिनींना विचारलं का? थोरल्या काकूंच्या मिरचीच्या लोणच्याची बरणी संपली आहे. मसाला पुसून खाण्याची वेळ आली आहे.

मफलर आता येणाऱ्या माणसाच्या बॅगेतूनच येतील, आणि येणारा माणूस म्हणजे पमीच्या लग्नाला येणारे चिरंजीव. लग्न मे महिन्यात. चाळीस अंशांत सगळ्या घराण्याने गळ्यात लोकर घालून फोटो काढायचा आहे. घामाची सबब चालणार नाही. तोवर नानांनी आईंची जुनी शाल पांघरावी. फुलं आहेत म्हणून लाजू नये.

ता. क. : थोरल्या काकूंनी नव्या वासरासाठी कानटोपी मागितली आहे. चेष्टा असेल तर सोडून द्यावं. खरंच हवी असेल तर दोन्ही कानांमधलं अंतर कळवावं.