शांत जिल्हा

शनिवारी मुंबईकर रायगडच्या किनाऱ्यावर, किहीमला उतरला की त्याच्या सरबराईत काही कमी पडत नाही. सुरूच्या सावलीत खुर्ची, ताटात सुरमई. पाहुण्याची जात कोणी विचारत नाही. खोलीचं भाडं तेवढं आगाऊ.

ती चौकशी रायगड जिल्ह्यात शेजाऱ्यासाठी राखून ठेवलेली असते. तिथेही आम्ही सभ्य. लाठ्याकाठ्या कशाला? रक्त सांडलं की पंचनामा होतो. त्यापेक्षा गावकीची बैठक बसवायची आणि घर वाळीत टाकायचं. वाण्याने मीठ देऊ नये, मयताला कोणी खांदा देऊ नये, बोलेल त्याला दंड. कारण काहीही चालतं: जातीबाहेरचं लग्न, भलत्या उमेदवाराला मत, पंचांना विचारलेला हिशेब. पोलीस आले तर उत्तर तयार, "साहेब, आम्ही कुठं काय केलं?" खरंच कोणी काही केलेलं नसतं. काहीच न करणं, हाच तर सगळा कार्यक्रम.

१९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली याच किहीमला सुगरण पक्ष्यांचा अभ्यास करत होते. शेजारच्या घरट्यातलं गवत पळवणारे नर त्या पक्ष्यांतही असतात; पण म्हणून कुणाचं घरटं वाळीत टाकल्याची नोंद नाही. पाखरांना गावकी नसते.

आम्हाला मात्र परंपरा आहे. महाड याच जिल्ह्यातलं. चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि सत्याग्रही ते पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना मार खावा लागला, आणि पुढे शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं गेलं. ठराव कागदावर राहिला, शेण पाण्यात गेलं.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तो होण्यामागे रायगडच्या तक्रारींचा मोठा वाटा. जिल्ह्याचं हे योगदान पर्यटनाच्या फलकांवर अजून कसं झळकलं नाही?

पंचांनी घाबरू नये. दंडाला देणगी म्हणावं, बैठकीला उत्सवाची सभा. शिवाय खटल्याला साक्षीदार लागतो. एक घर वाळीत आहे हे सिद्ध करायला दुसऱ्या घराला वाळीत पडायची तयारी ठेवावी लागते. आमच्या गावांची एकी इतकी पक्की, की ते दुसरं घर सहसा सापडत नाही. मग गुन्हा नाही, आरोपी नाही, आणि अहवालात जिल्हा शांत.