बहुधा फसवणूक

आमच्या भाऊंचा तारापूर एमआयडीसीत एक प्लॉट आहे. प्लॉटवर शेड आहे, शेडमध्ये रिॲक्टर आहे आणि रिॲक्टरमध्ये जे शिजतं त्याचं नाव भाऊंनी मला आजवर चारदा सांगितलंय. दर वेळी मी निम्म्या नावापर्यंतच टिकतो. एवढं समजलंय, की कापड रंगवायला रंग लागतो आणि रंग करायला त्याच्याही आधी भाऊंची पावडर लागते. ती ड्रममध्ये भरून न्हावाशेव्याला जाते आणि तिथून ढाका, दुबई, सिंगापूर, न्यू जर्सी. बोईसर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारा हा माणूस अर्ध्या जगाचे शर्ट रंगवतो, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

भाऊ स्वतः राहतात पालघरला, फ्लॅटमध्ये. तिथली हवा बरी, असं ते म्हणतात. मूळ घर कोलवड्याला, एमआयडीसीच्या शेजारी. तिथे त्यांची काकू राहते. रविवारी भाऊ जेवायला काकूकडे जातात आणि त्यांच्या मागून मीही जातो, कारण काकूच्या हातचं बोंबलाचं कालवण.

मागच्या महिन्यात भाऊ कुठल्याशा मेळाव्याला गेले होते. तिथे टाय लावलेल्या एका मुलाने त्यांना पटवलं, की परदेशातलं गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर एसएमएस पाठवा. मेल कुणी उघडत नाही, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, एसएमएस मात्र माणूस वाचतोच. भाऊंना ते शंभर टक्के पटलं. त्या क्षणी भाऊंच्या स्वतःच्या मोबाइलवर न वाचलेले एसएमएस होते ३,४१२.

"तुला चार ओळी बऱ्या लिहिता येतात," भाऊ मला म्हणाले. "मजकूर तू बघ. कच्चा मी केलाय."

कच्चा मजकूर असा होता: 'डिअर सर, व्हाइट पावडर ५०० केजी डिस्पॅच्ड फ्रॉम बोईसर. काइंडली रिलीज बॅलन्स पेमेंट.'

मी म्हटलं, भाऊ, आपल्या जिल्ह्यात एमडी ड्रगचे कारखाने पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. पांढरी पावडर निघाली, उरलेले पैसे सोडा, हा मजकूर गिऱ्हाइकाआधी पोलीस वाचतील. भाऊंनी पावडर खोडली, 'मटेरिअल' लिहिलं. मग म्हणाले, आता जास्तच संशयास्पद वाटतंय.

लिहायला बसलो तेव्हा कळलं, की एसएमएस ही वाङ्मयातली सर्वांत कंजूष जागा आहे. एका मेसेजात १६० अक्षरं. हा आकडा कुणी ठरवला? १९८५ च्या सुमारास जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे गृहस्थ टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टाइप करत बसले आणि अक्षरं मोजत गेले. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपली. माणसाला जे सांगायचं ते एवढ्यात मावतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हिलेब्रांड बोईसरच्या कुठल्या व्यापाऱ्याला भेटले नसावेत. आमच्याकडे 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' इथेच पाचवा हिस्सा संपतो.

आणि ही १६० अक्षरं रोमन लिपीला. देवनागरीचं एक अक्षर जरी मजकुरात आलं, तरी सगळा मेसेज वेगळ्या सांकेतिक पद्धतीत जातो आणि मर्यादा एकदम ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाची वेगळी जागा मोजतात. 'शुभेच्छा' हा तोंडाने तीन अक्षरांत संपणारा शब्द तिथे आठ जागा खातो. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' म्हणजे २७. उरलेल्या ४३ जागांत तुमचं नाव, कंपनीचं नाव, पत्ता आणि थकबाकीची आठवण बसवा. न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाचा मॅनेजर मराठी आहे, डोंबिवलीचा. त्याला मराठीत मेसेज पाठवावा, ही भाऊंची हौस. एका मेसेजचे तीन मेसेज होतात आणि पैसे तिप्पट पडतात, हे कळल्यावर भाऊंचं मातृभाषेवरचं प्रेम थोडं ओसरलं.

मला खरी गंमत वाटली ती रुपयाची. या १६० अक्षरांच्या पद्धतीत डॉलरचं चिन्ह आहे, पौंडाचं आहे, येनचंही आहे. युरो उशिरा आला, म्हणून त्याला दोन जागा मोजून आत घेतलंय. रुपयाचं चिन्ह मात्र आत नाही. २०१० साली आपण स्पर्धा घेऊन, निकाल लावून, वाजतगाजत ते चिन्ह स्वीकारलं. तुम्ही ते इंग्रजी मेसेजात वापरलंत, की तो अख्खा मेसेज १६० वरून ७० वर घसरतो. रुपया घसरला की इतकं काय काय घसरतं, हे अर्थतज्ज्ञांनीही पाहिलं नसेल. भाऊंनी निमूटपणे 'आर एस' लिहिलं.

मजकूर झाला. आता पाठवायचा कुणाच्या नावाने?

यात भाऊंना आत्मविश्वास होता, कारण देशातला अनुभव गाठीशी होता. देशातल्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कंपनीची नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव नोंदवावं लागतं आणि मजकुराचा साचासुद्धा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात रिकाम्या जागा असतात, शाळेतल्या 'गाळलेल्या जागा भरा' सारख्या. मंजूर साच्याबाहेरचा शब्द आला की मेसेज वाटेतच गाळला जातो. ही गाळणी ८ मार्च २०२१ ला पूर्ण जोमाने चालू केली, तेव्हा तिने आधी बँकांचे ओटीपी गाळले. पैसे अडकले, लशीची नोंदणी अडकली आणि दुसऱ्याच दिवशी गाळणी आठवड्यासाठी बाजूला ठेवावी लागली. त्या दिवशी 'तुम्हाला पाच लाखांचं कर्ज मंजूर झालंय' हा मेसेज मात्र मला दोनदा आला होता. पाठवणारे गाळणीपेक्षा बारीक असावेत.

तर भाऊंकडे सहा अक्षरी नाव होतं. ते घेऊन ते जगाच्या दारात उभे राहिले आणि जगाने विचारलं, हे कुठलं?

दुबईला जाहिरातीचा मेसेज पाठवायचा तर नावाआधी 'एडी' लावावं लागतं. एडी म्हणजे ॲडव्हर्टाइझमेंट. आपल्याकडेही मेसेजच्या नावाआधी एडी दिसतं, पण आपल्याकडे त्याचा अर्थ एअरटेल, दिल्ली. भाऊंनी अर्धा तास डोकं धरलं. दिल्लीचा आपला काय संबंध, आपण बोईसरचे, असं ते पुनःपुन्हा म्हणत होते.

अमेरिकेत नावच चालत नाही. तिथे मेसेज नंबरवरूनच जातो. तो नंबर, तुमची कंपनी आणि तुम्ही कशासाठी मेसेज पाठवणार आहात हे सगळं तिथल्या नोंदवहीत आधी नोंदवायचं. शिवाय गिऱ्हाइकाची संमती हवी. संमती कधी, कशी घेतली, याचा पुरावा हवा. त्याने उलट 'स्टॉप' लिहिलं की थांबायचं. थांबला नाहीत तर १९९१ चा एक कायदा आहे: एका मेसेजमागे ५०० डॉलर, मुद्दाम केलंत तर १,५०० पर्यंत.

"एका मेसेजला?" काकूकडे जेवता जेवता भाऊंचा घास हातातच राहिला.

भाऊंना दंड हा शब्द नवा नाही. पण आपल्याकडे दंड म्हटला की त्याच्यामागोमाग सुनावणी येते, सुनावणीमागे तारीख, तारखेमागे स्थगिती, आणि या वरातीत मूळ दंड कुठे गेला ते घोड्यालाही आठवत नाही. दंड म्हणजे खरोखर खिशातून पैसे जाणं, ही कल्पना त्यांना फार परकी वाटली.

वेळेचंही बंधन आहे. अमेरिकेत सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर जाहिरातीचा मेसेज गिऱ्हाइकाला पाठवायचा नाही. त्याची झोपमोड होते. न्यू जर्सीचे सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे भाऊंनी मेसेज सोडायचा तो संध्याकाळनंतर, रात्रभरात, पहाटे साडेसहापर्यंत.

"सोयीचंच की," जवळा निवडता निवडता काकू म्हणाली. "नाहीतरी तुमच्याकडे जे काय सोडायचं ते रात्रीच सोडतात."

भाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. आमच्याकडून काही जात नाही, शेजारच्या प्लॉटवरून जातं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे. शेजारच्या प्लॉटवाल्याचंही हेच उत्तर आहे. असं विचारत विचारत पश्चिमेला चालत गेलं तर शेवटी नवापूरचा समुद्र लागतो. तो काही बोलत नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं, तेही बहुधा शेजारच्याच प्लॉटमुळे.

मग सिंगापूर. सिंगापूरला भाऊंनी परस्पर मेसेज सोडला. नाव आपलं आहे, धंदा सरळ आहे, विचारायचं काय त्यात? मेसेज गेला, पोहोचला. दुसऱ्या दिवशी तिथल्या व्यापाऱ्याने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली हसणारा चेहरा. वर पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी भाऊंचं सहा अक्षरी नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं 'लाइकली-स्कॅम'. बहुधा फसवणूक.

यात सिंगापूरचा काही राग नव्हता. ३१ जानेवारी २०२३ पासून तिथे असा नियमच आहे: ज्याने आपलं नाव तिथल्या नोंदवहीत नोंदवलेलं नाही, त्याच्या मेसेजवर हेच नाव चिकटतं. नोंदवायचं तर तिथला कंपनी क्रमांक लागतो. तो मिळवायचा तर तिथे कंपनी काढा. पाचशे किलो मालाची वर्दी द्यायला भाऊंनी सिंगापुरात ऑफिस थाटायचं.

"बत्तीस वर्षं धंद्यात आहे," भाऊ म्हणाले. "एक चेक परत गेला नाही. आणि हे बहुधा म्हणतात!"

"बहुधा म्हणतात ना," मी धीर दिला. "नक्की नाही म्हणत."

मला खरं तर या सगळ्या परकीयांचं कौतुक वाटत होतं. माणसाच्या खिशात एक मेसेज जाऊन पडू नये म्हणून केवढा बंदोबस्त. संमती, वेळ, नाव, साचा, थांबवायचा हक्क. मी हे बोलून दाखवलं आणि काकूने जवळ्याचं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तिकडच्या माणसाला काय पाठवायचं तर आधी त्याला विचारतात?"

"हो काकू. संमती लागते."

"आणि वास पाठवताना?"

काकूला अशा वेळी आम्ही उत्तर देत नाही. ११ जानेवारी २०२० च्या शनिवारी संध्याकाळी इथे एका कारखान्यात स्फोट झाला. आठ माणसं गेली. कोलवड्यात घरं हादरली, काकूच्या खिडकीची काच फुटली आणि ती अंधारात अंगणात उभी राहिली. कशाचा स्फोट, धूर कसला, घरात थांबायचं की निघायचं, हे सांगणारा मेसेज तिला आला नाही. तिचा नंबर कुठल्याच वहीत नव्हता. पुढे २०२३ साली एक दिवस तिचा मोबाइल अचानक भोंग्यासारखा किंचाळला. तिने तो पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं आणि मला फोन करायला शेजारणीला पाठवलं. दूरसंचार खात्याची आपत्ती-इशाऱ्याची चाचणी होती ती, देशभर चालली होती. डब्यातून काढून वाचलं, तर लिहिलं होतं की हा फक्त चाचणी संदेश आहे, तुम्हाला काहीही करायची गरज नाही. इतक्या वर्षांत तिला मिळालेला तो एकच इशारा.

"मग मलापण पाठव की," काकू भाऊंना म्हणाली. "मी देते संमती. लिहून देते, अंगठा पाहिजे तर अंगठा देते. रात्री-बेरात्री कधीही पाठव, माझी झोप तशीही मोडतेच."

भाऊ हसले. "काय पाठवू, काकू?"

"ह्याला विचार. ह्याला चार ओळी बऱ्या येतात."

मी वही ओढली. सवयच लागली होती आता. 'खिडक्या लावून घ्या, रात्री वास येईल.' काने, मात्रा, हलन्त, स्वल्पविराम, पूर्णविराम, मधल्या मोकळ्या जागा, सगळं धरून दोनदा मोजलं. छत्तीस. सत्तरच्या आत आरामात. मराठीत असूनसुद्धा एकाच मेसेजात बसत होतं, आणि देशातल्या देशात म्हणजे खर्च पैशांत. मी वही भाऊंपुढे केली.

भाऊंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एमआयडीसीत शेकडो कारखाने आहेत, मंडळ आहे, महामंडळ आहे, जिल्ह्याचं मुख्यालय पालघरला आहे. भाऊ त्या सगळ्यांची मनातल्या मनात हजेरी घेत असावेत.

"मजकूर ठीक आहे रे," ते म्हणाले. "पण हा जाणार कुणाच्या नावाने?"

काकूने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"त्या सिंगापूरवाल्यांना विचार," ती म्हणाली. "त्यांनी दिलंय की तुला नाव."