एकदा पाहण्यास हरकत नाही

गेल्या शुक्रवारी चार चित्रपट प्रदर्शित झाले. पैकी पहिल्यात एका निवृत्त न्यायाधीशाचा खून होतो, दुसऱ्यात साठी उलटलेल्या एका विधुराचा व एका विधवेचा विवाह होतो, तिसऱ्यात घोडे, तलवारी आणि धूळ यांची रेलचेल आहे, आणि चौथ्यात समुद्रातून वर आलेला एक महाकाय सरडा परदेशातील एक नगर तुडवून पुन्हा समुद्रात जातो. या चौघांत साम्य कोणते, असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला असता तर आम्ही निरुत्तर झालो असतो. परंतु आमच्या समीक्षकमहाशयांनी रविवारच्या पुरवणीत ते साम्य अचूक हुडकून काढले. चारही चित्रपट ‘एकदा पाहण्यास हरकत नाही’ असे निघाले. प्रत्येकास अडीच तारे.

हा शेरा वाचला की आमच्या डोळ्यांपुढे मामलेदार कचेरी उभी राहते. बाहेर बाकावर निर्माता, दिग्दर्शक आणि कर्जात बुडालेला त्याचा मेहुणा असे तिघे कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन बसले आहेत. आत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर समीक्षकमहाशय विराजमान आहेत. आणि यथावकाश शिपाई जो कागद बाहेर आणून देतो त्यावर लिहिलेले असते की, अर्जदार यांनी सादर केलेला सव्वादोन तासांचा ऐवज निम्नस्वाक्षरीकारांनी समक्ष पाहिला असून, पूर्वार्ध गतिमान, उत्तरार्ध किंचित रेंगाळणारा, छायाचित्रण नेत्रसुखद व पार्श्वसंगीत पूरक असल्याचे आढळून आले, सबब सदरहू चित्रपट रयतेपैकी कोणी एक वेळ पाहिल्यास या कचेरीची हरकत नाही. मात्र दुसऱ्या वेळी पाहिल्यास होणाऱ्या परिणामांची जोखीम पाहणाराची राहील. आता समजा, एखाद्या इसमास तो विधुर-विधवेचा चित्रपट पुन्हा पाहण्याची इच्छा झालीच, तर त्याने काय करावे? त्यास रीतसर अर्ज करावा लागत असणार. अर्जास मुद्रांक, सोबत पहिल्या वेळच्या तिकिटाची साक्षांकित प्रत, आणि ‘नायिका हार घालू लागली त्या समयी शेजारच्या इसमाचा भ्रमणध्वनी वाजल्यामुळे तो प्रसंग माझ्याकडून नीट पाहिला गेला नाही’ अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र. त्यावर दोन प्रतिष्ठित साक्षीदारांच्या सह्या, आणि त्या साक्षीदारांनी स्वतः तो चित्रपट एकदाच पाहिला असल्याचा तलाठ्याचा दाखला. एवढे सोपस्कार पुरे होईतो चित्रपट उतरलेला असतो, ही गोष्ट निराळी.

सेकंदास २४ चौकटी या हिशेबाने सव्वादोन तासांच्या चित्रपटात १,९४,४०० चौकटी भरतात. त्यांवर निर्वाळा चार शब्दांचा, म्हणजे शब्दामागे ४८,६०० चौकटी. इतकी काटकसर सरकारी खजिन्यातही पाहावयास मिळत नाही. बरे, मधल्या प्रतीच्या वस्तूंत भेद करता येत नाही म्हणावे, तर तसेही नाही. चित्रपटांस प्रमाणपत्र देण्याचा कायदा काही रसिकतेबद्दल विख्यात नाही. तरी २०२३ च्या दुरुस्तीने त्यातसुद्धा पालकांच्या देखरेखीखाली पाहावयाच्या मधल्या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन पोटभाग पाडण्यात आले. मक्याच्या लाह्यांचे तर विचारूच नये. डिसेंबर २०२४ मध्ये तमाम करदात्यांस खुलासेवार समजावून देण्यात आले की, मीठमसाला लावलेल्या सुट्या लाह्या ५ टक्के कराच्या, त्याच पाकीटबंद व छापील नावाच्या असल्या तर १२ टक्क्यांच्या, आणि साखरेच्या पाकात घोळल्या की १८ टक्क्यांच्या. लाह्यांत जर एवढा तरतमभाव शक्य झाला, तर त्या ज्यांच्यासमोर बसून खावयाच्या त्या चित्रपटांतच तो अशक्य का व्हावा?

समीक्षकमहाशयांची ही लेखणी थोडी आधी जन्मास आली असती तर मराठी माणसाच्या स्मरणात आज काय उरले असते, याची कल्पना करवत नाही. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’: ‘कथानक सर्वपरिचित. तारामतीच्या निवडीत काहीतरी खटकते. एकदा पाहण्यास हरकत नाही.’ (तारामतीचे काम एका पुरुषाने केले होते, ही गोष्ट समीक्षकमहाशयांच्या ध्यानात आली असतीच, असे खात्रीने सांगवत नाही.) १९३६ चा ‘संत तुकाराम’: ‘नायक आपल्या व्यवसायाकडे दुर्लक्ष करतो, हे आजच्या तरुणास पटणे कठीण. शेवट अपेक्षित, विमानाचे दृश्य मात्र बरे.’ हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, तेव्हा कसलीही परवानगी न काढता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आत शिरलेली माणसे त्या गर्दीत थोडीथोडकी नसावीत. १९५३ चा ‘श्यामची आई’: ‘उत्तरार्धात आईचे आजारपण लांबते. तेथे दहा मिनिटांची कात्री चालवली असती तर परिणाम वाढला असता.’ पुढे त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आजारपणाची लांबी तेथे कोणी मोजल्याचे ऐकिवात नाही.

आणि ‘एकदा’ म्हणजे तरी कोणाचे एकदा? समीक्षकमहाशयांचे ‘एकदा’ गुरुवारी संध्याकाळी, निमंत्रणावर, चहा-बटाटेवड्यासह, पुढे पाय पसरावयास जागा असलेल्या खुर्चीत पार पडते. वाचकाचे ‘एकदा’ रविवारी दुपारी घडते. त्यात पत्नी, दोन मुले आणि गावाहून आलेली सासू असते, पाच तिकिटे असतात, वाहन उभे करण्याचा आकार असतो, घरून आणलेला चिवडा दारावरच काढून ठेवावयास लावणारा पहारेकरी असतो, आणि मध्यंतरात मुलांनी मागितलेल्या त्या लाह्या असतात, ज्यांच्या एका डब्याच्या किमतीत गावाकडे मक्याची पोती उचलता येतील. त्या गृहस्थास महिन्याकाठी असे एकच ‘एकदा’ परवडते, आणि ते खुनावर खर्चावे, विवाहावर, घोड्यांवर की सरड्यावर, एवढेच त्याला पुरवणीतून जाणून घ्यावयाचे असते. त्याच्या हातावर चार ‘हरकत नाही’ ठेवून समीक्षकमहाशय पुढच्या निमंत्रणाकडे वळतात. वर उपदेश असा की डोके घरी ठेवून जावे! अरे, तुम्ही पगार कशाचा घेता? उत्कृष्ट चित्रपटाची स्तुती आमचा शिंपीही करतो, आणि टाकाऊ चित्रपटाची टवाळी तर बसथांब्यावरील कोणीही अधिक रंगतदार करील. समीक्षकाची गरज पडते ती या मधल्या चित्रपटांपाशी, ज्यांत एक प्रसंग झकास असतो आणि पुढचा पडेल, ज्यांत नायकापेक्षा त्याच्या बापाचे काम करणारा नट ध्यानात राहतो, आणि ज्यांतील एका विनोदावर सबंध चित्रगृह हसते पण तो विनोद घरी सांगू जाता जमत नाही. तो का जमत नाही, हे आम्हांस कोणी समजावून सांगायचे? तुम्ही त्या अंधारात हसला होता. तुमच्या मागच्या रांगेतल्यांनी तुम्हांस हसताना ऐकले आहे. मग ते हसू रविवारी छापून यावयाच्या आत कोणी जप्त केले?

यावर त्यांचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. जागा मिळत नाही, असे ते म्हणतात, आणि पानाकडे पाहता ते अक्षरशः खरे आहे. कारण पाऊण पानभर त्याच चित्रपटाची जाहिरात पसरलेली असते, आणि उरलेल्या पाव पानात राशिभविष्य, पाककृती व समीक्षा यांना दाटीवाटीने नांदावे लागते. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, पुढच्या शुक्रवारच्या जाहिरातीत याच समीक्षेतून ‘पाहण्यास’ हा एकच शब्द उचलून, त्यापुढे उद्गारचिन्ह लावून, खाली समीक्षकमहाशयांचे नाव ठळक टायपात छापलेले असते. यावर त्यांनी कधी हरकत घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा समीक्षकमहाशय, आमची आपणांस एवढीच विनंती आहे की, येत्या रविवारी तारे काढून टाकावेत, पूर्वार्ध-उत्तरार्धाची वाटणी तहकूब ठेवावी, आणि आपणांस हसू कोठे आले, जांभई कोठे आली, व जांभई आल्यावरही उठून का गेला नाहीत, तेवढे लिहावे. जागा कमी पडल्यास या सदरातील शेवटच्या दहा ओळी आपण खुशाल घ्याव्यात. संपादकांस आम्ही तसे कळविले आहे.