शब्द पाठ, वाक्य सपाट

मुलाने अमेरिकेत एमएस करायचं ठरवलं आणि त्याचं इंग्रजी जरा कच्चं असलं, की घरचे पहिली गोष्ट करतात ती म्हणजे त्याला अप्पा बळवंत चौकात पिटाळणं. तिथून तो एक जाडजूड शब्दयादी, फ्लॅशकार्डांचा खोका आणि नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ घेऊन परततो. हे पुस्तक १९४९ सालचं. माळा नीट शोधला असता तर आजोबांची प्रत सापडली असती, पण नव्या पुस्तकाशिवाय अभ्यासाचा मुहूर्त लागत नाही. मग पहाटे उठून घोकंपट्टी. आठवड्याभरात चिरंजीव आईला सांगू लागतात, की बाबांचा स्वभाव ‘टॅसिटर्न’ आहे. आईला वाटतं, डॉक्टरांनी काहीतरी नवीन शोधून काढलंय.

गंमत अशी, की ही दुकानदारी परीक्षा घेणाऱ्यांनीच कधीची मोडीत काढली आहे. एमएसच्या प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई या परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्द विचारायचे, शब्दांच्या जोड्या जुळवायला द्यायचे. शब्द येतो तर गुण, नाही तर नाही. ऑगस्ट २०११ मध्ये ईटीएस या संस्थेने ते दोन्ही प्रकार काढून टाकले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर अख्खी परीक्षाच जवळपास निम्मी कापली. आता व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या विभागाचे, दोन भाग: एकात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. एकूण २७ प्रश्न, ४१ मिनिटं आणि त्यांतले सुमारे निम्मे उताऱ्यांवर. पण क्लासच्या पाटीवर अजून ‘३५०० शब्द’ झळकतायत. झळकणारच. शब्दयादी शिकवायला सोपी, तिची चाचणी घ्यायला सोपी आणि पोरगं नापास झालं तर ‘यादी पूर्ण केली नव्हती’ म्हणायलाही सोपी.

शब्द लागतच नाहीत असं मी म्हणत नाही. काही शे शब्द पक्के हवेतच आणि ते ज्या वाक्यात राहतात त्या वाक्यासकट हवेत. पण तेवढ्याने भागत नाही. का, ते मराठीतच बघा. जीआरईच्या धर्तीवरचं वाक्य असं:

‘अध्यक्षांचं भाषण इतकं ____ होतं, की पहिल्या रांगेतले पाहुणेसुद्धा डुलक्या घेऊ लागले.’

पर्याय सहा: ओघवतं, विद्वत्तापूर्ण, रटाळ, प्रवाही, त्रोटक, कंटाळवाणं. दोन निवडायचे आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच झाला पाहिजे. एक बरोबर, एक चूक असलं तर अर्धा गुण नाही, शून्य. तुम्ही म्हणाल, यात काय कठीण आहे, रटाळ आणि कंटाळवाणं. बरोबर. पण तुम्हाला वाक्य कळलं म्हणून. यादीवाला आधी पर्यायांकडे धावतो. ‘ओघवतं’ आणि ‘प्रवाही’ दिसले, समानार्थी आहेत, कालच पाठ केलेत, मार टिक. ही जोडी तिथे त्याच्यासाठीच ठेवलेली असते. शिवाय ‘विद्वत्तापूर्ण’ हा अनुभवाच्या आधारे पटण्यासारखा पर्याय आहेच, फक्त त्याला सहांत जोडीदार नाही. सगळं कोडं ‘इतकं... की’ आणि ‘डुलक्या’ यांत होतं. इंग्रजीतही ते तसंच ‘जरी’, ‘तरी’, ‘उलट’, ‘तर दूरच’ अशा फुटकळ शब्दांत असतं. हे शब्द कुठल्याच फ्लॅशकार्डावर नसतात, कारण ते सगळ्यांना येतात असा समज आहे.

उपाय जुनाच आहे आणि तो फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. पर्याय हाताने झाकायचे. वाक्य वाचायचं. गाळलेल्या जागी आपला शब्द टाकायचा, तोही खुशाल मराठीत. ‘रटाळ’ सुचलं, ‘बोअर’ सुचलं, नुसतं ‘वाईट काहीतरी’ सुचलं तरी चालेल. मग हात काढायचा आणि त्याच्या जवळ जाणारे शोधायचे. ‘इंग्रजीत विचार करायला शिका’ असं सांगणारे सर इथे नाराज होतील. होऊ देत. परीक्षेच्या खोलीतल्या कॅमेऱ्याला तुमच्या डोक्यातली भाषा दिसत नाही.

आता उतारे. इथे मराठी घरात वाढलेल्या माणसाने खरं तर मैदान मारायला हवं. सकाळी दहाला अंथरुणातून बाहेर आलेल्या पोराला आत्या म्हणते, ‘वा, आज लवकर उठलास!’ लेखकाचा सूर कौतुकाचा आहे की उपरोधाचा, हे पाच पर्यायांतून ओळखायला त्या पोराला कधी क्लास लावावा लागला होता? पुणेरी पाटीखाली उभं राहून ‘लेखकाचा हेतू काय’ हा प्रश्न कुणाला पडलाय? टोमणा, खोच, नावापुरतं कौतुक, ‘म्हणे’ लावून झटकलेली जबाबदारी, हे सगळं आपल्याला ऐकताक्षणी कळतं. पण तीच गोष्ट इंग्रजीत छापून आली, की आपण चप्पल बाहेर काढून आत जातो. छापील इंग्रजी म्हणजे सत्य. त्यात कुणी कुणाची खेचत असेल, लेखक आधी दुसऱ्याचं मत मांडून तिसऱ्या ओळीला ते मोडणार असेल, अशी शंकासुद्धा येत नाही. परीक्षेला तर नेमकी हीच शंका हवी असते.

ही भक्ती शाळेत रुजते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीपासून होतं. चार वर्षं वाढली, पण उतारा सोडवायची रीत तीच राहिली. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ सापडली की जशीच्या तशी उतरवायची. अर्थ कळला काय, न कळला काय, गुण पूर्ण. दहा वर्षं हे केल्यावर तेविसाव्या वर्षी समोर प्रश्न येतो, की लेखकाने दुसऱ्या परिच्छेदातलं उदाहरण कशासाठी दिलं. पोरगं उताऱ्यात ‘कशासाठी’ शोधत बसतं.

दुसरी खोड याच्या अगदी उलट. उतारा ओळखीच्या विषयावरचा निघाला, की आपल्याला मत येतं. मत येणं हा आपला राष्ट्रीय नसला तरी प्रादेशिक गुण नक्कीच आहे. पर्यायांत एक वाक्य असं असतं की ते जगाच्या दृष्टीने शंभर टक्के खरं असतं, फक्त उताऱ्यात नसतं. इंजिनीअर ते निवडतो आणि घरी येऊन उत्तरसूचीशी भांडतो. ‘नेहमी’, ‘केवळ’, ‘कधीच नाही’ अशा ठाम शब्दांचे पर्यायही आपल्याला फार भावतात, कारण आपण कट्ट्यावर असंच बोलतो. उताऱ्याचा लेखक बहुधा प्राध्यापक असतो. तो ‘काही अंशी’ म्हणतो. बरोबर उत्तरही तसंच मिळमिळीत असतं.

मग ठराविक सल्ला येतो: रोज ‘द हिंदू’चं संपादकीय वाच. सल्ला वाईट नाही, पण एकदा त्या वाचलेल्या अंकाकडे बघा. अडलेला प्रत्येक शब्द पिवळ्या हायलायटरने रंगवलेला, समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ, पान हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखं. आता विचारा, संपादक कुणाच्या बाजूचा आहे? पोरगं पुन्हा पानाकडे बघतं. त्यापेक्षा शब्दकोश लांब ठेवून प्रत्येक परिच्छेदानंतर एक वाक्य मराठीत बोलावं: हा गडी काय म्हणतोय आणि कुणावर घसरलाय? हे जमलं की वेग आपोआप येतो. न जमता वेग वाढवणाऱ्यांसाठी ‘स्पीड रीडिंग’चे वेगळे क्लास आहेत, त्यांची फीही वेगाने जाते.

सरावाचंही तसंच. ईटीएस स्वतः पॉवरप्रेपच्या दोन पूर्ण चाचण्या फुकट देते. फुकट म्हणून त्या शेवटच्या आठवड्यावर टाकल्या जातात आणि तोवर क्लासच्या प्रश्नसंचावर डोकं आपटलं जातं. त्यात उत्तर ‘ब’ का, याला बऱ्याचदा एकच कारण असतं, सरांनी ‘ब’ ठेवलंय. खऱ्या प्रश्नाचं वैशिष्ट्य असं, की चुकलेला पर्याय का चुकला ते एका वाक्यात सांगता येतं. ते वाक्य वहीत उतरवणारा विद्यार्थी सुधारतो. नुसते गुण उतरवणाऱ्याची वही फक्त भरते.

घरात कॅट देऊन बसलेला दादा असला तर त्याच्यापासूनही सांभाळा. तिथे बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण कापतात, म्हणून तो तुम्हाला ‘खात्री नसेल तर सोड’ असं प्रेमाने शिकवतो. जीआरईत चुकल्याचा दंड नाही. तिथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे दानधर्म.

आणि हो, ‘घरात इंग्रजीत बोला’ ही मोहीम. त्यासाठी आईला पोळ्या लाटता लाटता ‘व्हॉट डू यू वाँट, बाळा’ म्हणायला लावू नका. जीआरईत बोलण्याची परीक्षाच नाही.

निकाल लागतो. काकांचा फोन येतो.

‘किती मिळाले रे व्हर्बलला?’

‘१५२, काका.’

‘कितीपैकी?’

‘१७०.’

‘म्हणजे नव्वद टक्के की! पेढे कुठायत?’

आता काकांना कोण सांगणार, की ही गुणपट्टी मुळात १३० पासून सुरू होते आणि १५२ म्हणजे जगाच्या सरासरीच्या जरा वर. काकांच्या हिशेबाने, २७ चे २७ प्रश्न चुकवणाऱ्यालाही शहात्तर टक्के पडतात. आपल्या बोर्डात त्याला विशेष प्रावीण्य म्हणतात.