दोन चाकांचा तंटा

अमेरिकेतील पिकअप-मालकास ओल्या गवतावर मागचे एक चाक गरगरा फिरताना आणि दुसरे स्वस्थ बसलेले दिसले, की दोन्ही चाकांस बळ सारखेच, पण घसरत्या चाकाच्या पात्रतेपुरतेच वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलच्या समन्यायी कारभाराविषयी त्याच्या मनात तीव्र असंतोष उत्पन्न होतो. लिमिटेड-स्लिप घ्यावे, तर त्यातील क्लचच्या चकत्या कालांतराने झिजतात. टॉर्सन घ्यावे, तर एक चाक अधांतरी होताच तेही हात टेकते व किंचित ब्रेक दाबून त्याची मनधरणी करावी लागते. सबब, दोन्ही चाकांस एकत्र जखडणारा लॉकर मुक्रर होतो. पुढे, त्याचे बटण बंद करण्याचे विस्मरण झालेले हे धूड दुकानाच्या कोरड्या डांबरी आवारात टायर खरडीत वळते आणि दूध-पाव घेऊन इमानेइतबारे घरी परतते.