सात गुणांचा छंद

शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात सात गुण वाढतात. ‘बी’ला पाच, ‘सी’ला तीन. शास्त्रीय संगीत, नृत्य, लोककला आणि खेळ यांच्यासाठीही सवलतीचे गुण आहेत. कलेत रमणाऱ्या मुलाची शाळेनं दखल घ्यावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण आपण पालकांनी त्या गुणांसाठी मुलांचा छंदच वेठीला धरला.

चित्रकलेच्या क्लासमध्ये नाव घालताना ‘हिला आवडतंय का ते बघू’ असं म्हणणारे पालक आता कमीच. इंटरमिजिएटच्या आधीची पायरी म्हणजे एलिमेंटरी, म्हणून पहिला प्रश्न असतो, ‘सर, एलिमेंटरीला कधी बसवणार?’

या रेखाकला परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो. मुलानं जे पाहिलंय, ते आठवून काढायचं: आठवडी बाजार, बसथांबा, पावसातला रस्ता. डोळे उघडे ठेवायला शिकवणारा याच्याइतका सुंदर पेपर दुसरा नसेल. आणि त्याचीच आपण घोकंपट्टी केली. तयार चित्रांची पुस्तकं मिळतात. त्यातली चार-पाच चित्रं गिरवून पाठ करायची आणि जे जमेल ते परीक्षेत उतरवायचं. जो बाजार मुलानं कधी पाहिलाच नाही, तो त्याला ‘आठवतो’. ही फसवणूक परीक्षकाची कमी आणि त्या मुलाची जास्त आहे.

परीक्षा मुळात वाईट नाही. गाण्याचंच बघा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाण्याला अभ्यासक्रम दिला, म्हणून घराण्याबाहेरच्या सामान्य घरांत तानपुरा पोचला. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांच्या पायऱ्या गाणं सोपं व्हावं म्हणून होत्या. आपण मात्र गुणांपुरत्या लागतील तेवढ्याच चढतो आणि उतरून घरी येतो. दहावीचं वर्ष लागलं की पेटी कपाटावर जाते, रंगपेटी माळ्यावर. ज्या वर्षी मुलाला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच वर्षी!

मुलं हे शिकली आपल्याकडूनच. आपण चालायला जातो ते पावलं मोजत. वर्षात किती पुस्तकं वाचायची याचा आकडा जानेवारीत जाहीर करतो. गडावर पोचल्यावर तटबंदी बघण्याआधी रील काढतो. कुणी घरी छान केक केला, की चव घेता घेताच सुचवतो, ‘अगं, ऑर्डर घ्यायला लाग!’ हाताला येणारी प्रत्येक गोष्ट हिशेबाला लावायची, हा आपला नवा संस्कार आहे आणि तो घातक आहे. मोकळा वेळ आधीच थोडा. तोही कामासारखा राबवला तर माणसानं विसावायचं कुठे?

हिशेबाबाहेरचा छंद कसा असतो, ते पुण्यात दिसतं. तिथलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलांना घेऊन जावं. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, कोरीव दारं अशा हजारो वस्तू दिनकर केळकर नावाच्या एका कवीनं आयुष्यभर गावोगाव हिंडून गोळा केल्या. त्यासाठी त्यांना कुणी श्रेणी देणार नव्हतं. हा संग्रह त्यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावानं उभा केला आणि पुढे महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. छंद इतका मोठा होऊ शकतो. मात्र त्याला वर्षानुवर्षं मोकळं सोडावं लागतं.

सरकारनं सात गुण द्यावेत की नाही, यावर वाद होत राहील. घरातला निर्णय मात्र आपल्या हातात आहे. परीक्षा द्यायची तर जरूर द्या. पण मुलाची एक तरी आवड अशी राहू द्या, जिला श्रेणी नाही, प्रमाणपत्र नाही आणि जिचा व्हिडिओ कुणाला पाठवायचा नाही. ती त्याला वाईट जमत असली तरी चालेल. आणि दहावीच्या वर्षात ती बंद करू नका. रोजचा अर्धा तास दिल्यानं कुणाचं मूल नापास होत नाही.