पाण्याची बाटली खाली ठेवा

रस्त्यावर माणूस पडला की आपल्याकडे सगळ्यांत आधी पोहोचतं ते पाणी. गेल्या पावसाळ्यात एका घाटात हे डोळ्यांसमोर पाहिलं. दुचाकी घसरलेली, तिशीचा एक जण कडेच्या खडीवर पडलेला, मांडीतून रक्त वाहतंय. दोन मिनिटांत वीसेक माणसं जमली. तीन बाटल्या पुढे आल्या. मांडीवर एकही हात नव्हता.

ती माणसं निर्दय नव्हती. गाड्या थांबवून, भिजत उतरली होती. तहानलेल्याला पाणी द्यावं हे आपल्याला शाळेत जाण्याआधी शिकवलेलं असतं. रक्त दाबून धरावं हे शाळा सुटली तरी कोणी शिकवत नाही. माझा राग आहे तो या न शिकवण्यावर.

त्याने पाणी मागितलं होतं, हे खरं. जखमी माणूस मागतोच. पण ती उन्हाची तहान नव्हे. अंगातलं रक्त कमी होऊ लागलं की शरीर पाणी मागतं. तेव्हा 'पाणी, पाणी' ऐकू आलं की रक्त कुठून जातंय ते शोधायचं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला धड गिळता येत नाही, घोट श्वासनलिकेत उतरतो. पोटात गेला तरी पुढे भूल देताना उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका राहतो. फार तर ओठ ओले करा.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं २ लिटर गेलं की जिवाशी खेळ सुरू होतो. मांडीचं हाड मोडलं तर कातडी न फाटताही लिटरभर रक्त आतल्या आत साचू शकतं. 'रक्त तर दिसत नाही, काही झालेलं नाही,' हे वाक्य रस्त्यावर कोणी बोलू नये.

जखमीला तपासण्याचा एक ठरलेला क्रम असतो. तो रूढ झाला त्याची सुरुवात एका अपघातातूनच झाली. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या हाडांच्या डॉक्टरांचं छोटं विमान कोसळलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली. गावातल्या रुग्णालयात मुलांवर जसे उपचार झाले ते पाहून ते हादरले, आणि त्यातून डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम उभा राहिला: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, शेवटी कपडे बाजूला करून सगळं अंग पाहणं. पुढे युद्धभूमीवरच्या अनुभवाने त्याच्याही आधी एक पायरी आली. भळभळणारं रक्त सर्वांत आधी थांबवा. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना आज हेच शिकवतात. त्या पहिल्या पायरीला उपकरण लागत नाही, हात लागतात.

घाटात ते हात शेवटी एका टेम्पोवाल्याचे निघाले. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, घडी करून जखमेवर ठेवला, गुडघ्यावर बसून कोपर ताठ ठेवले आणि दोन्ही तळहातांवर अंगाचा भार दिला. कोणीतरी 'बघू, थांबलं का' म्हणत पंचा उचलायला वाकला. त्याने नुसती मान हलवली. बरोबर केलं. दर मिनिटाला उचलून पाहिलं तर धरू लागलेली गुठळी निघते. पंचा भिजला तर वर दुसरा ठेवायचा आणि दाब चालूच. हळद, कॉफी, तंबाखू यांतलं काहीही अशा जखमेत भरायचं नाही. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टी काडी घालून पिळत करकचून आवळायची आणि वेळ लिहून ठेवायची. सुतळी किंवा वायर नको, ती मांसात रुतते. 'थोडं सैल करू, पाय मरेल' म्हणून मध्ये सोडायची नाही. ते काम डॉक्टरांचं.

गर्दीतलं दुसरं ठरलेलं वाक्य: 'पिऊन आलाय वाटतं.' माणूस बरळतोय, हात झटकतोय, उठायला बघतोय. डोक्याला मार बसला, रक्त कमी पडलं, प्राणवायू कमी पडला, तरी माणूस हुबेहूब असाच वागतो. आणि समजा प्यायलेला असला, तरी कवटी त्याचीही फुटते. तसंच ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. ओरडणाऱ्याचा श्वास निदान त्या घडीला चालू असतो. चार पावलांवर गप्प पडलेल्याकडे आधी जा. तो बेशुद्ध असून घोरल्यासारखा आवाज करत असेल तर जीभ किंवा रक्त घशात अडतंय. मानेला धक्का लागेल म्हणून उताणाच ठेवाल तर तो गुदमरेल. दोघातिघांनी डोकं, मान आणि धड एका रेषेत धरून कुशीवर वळवा. हेल्मेट मात्र एकट्याने ओढून काढू नका.

मग येतं 'सलाईन लावलं का?' नातेवाइकांचा हा पहिला प्रश्न, आणि डॉक्टरवर त्याचं दडपण येतं. वाहतं रक्त न थांबवता सलाईन ओतत राहिलं की उरलेलं रक्त पातळ होतं, दाब वाढून धरलेली गुठळी सुटते. ह्यूस्टनमध्ये छाती-पोटात गोळी किंवा भोसकल्याची जखम झालेल्या ५९८ जणांवर अभ्यास झाला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन थांबवलेल्यांत ७० टक्के वाचले, लगेच दिलेल्यांत ६२ टक्के. डोक्याच्या मारात हिशेब वेगळा असतो, म्हणून तो डॉक्टरांनाच करू द्या. तुम्ही चादर द्या. रक्त गेलेलं शरीर मे महिन्यातही गार पडतं आणि गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही.

पोलिसांची भीती आता पुरे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या बाजूची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दावा चालत नाही, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. हे प्रत्येक टोलनाक्यावर माणूसभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं. पण भीती गेली तरी शिकवणं उरतंच. जर्मनीत प्रथमोपचाराचा वर्ग केल्याशिवाय वाहन परवाना मिळत नाही. आपल्याकडे आठचा आकडा काढता आला पाहिजे, जखम दाबता आली नाही तरी चालतं. हे चालता कामा नये. परवान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला एक दिवस जमिनीवर बसवा आणि उशीवर का होईना, दोन्ही हातांनी दाबायला लावा.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी धावते, तिच्यात डॉक्टर असतो. ती येत असेल आणि रक्त दाबलेलं असेल, तर थांबा. येणारच नसेल, तर जखमीला रिक्षाच्या सीटवर दुमडून कोंबू नका. टेम्पोच्या हौद्यात आडवं ठेवता येतं. गाडी आली की डॉक्टरला भराभर सांगा: किती वाजता झालं, शुद्ध गेली होती का, किती रक्त गेलं, पट्टी कधी आवळली. आणि जखमीला पाणी पाजलं असेल, तर तेही सांगा. किती घोट, किती वाजता. लपवू नका. पुढे भूल देणाऱ्याला ते कळायलाच हवं.